नदीकडे अर्धा थाऊ

ते माझे घरमालक होते. याहून जवळचे नाते सांगण्याचा मला अधिकार नाही. चिंचवडच्या गावठाणात त्यांच्या घरातील रस्त्याकडची खोली माझ्याकडे नऊ वर्षे होती. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ते मला पाव्हणं म्हणत. पहिल्या दिवशी म्हणाले ते रीतीला धरून होते. नवव्या वर्षीही तेच म्हणत, तेव्हा त्यात काय अभिप्रेत होते ते मी विचारले नाही. मी त्यांना मिस्त्री म्हणत असे. सगळे गावठाण तेच म्हणे. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणत असे आणि त्या मला भाऊ म्हणत.

घरामागे गोठा होता. म्हशी विकून मिस्त्रींनी तेथे एक मिलिंग मशीन आणून बसवले होते. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून ते भंगार म्हणून निघाले होते. त्याच्यावरची कंपनीची पाटी कुणीतरी आधीच काढून नेली होती. गव्हाण त्यांनी पाडली नाही. तिच्यात कटर, पाने आणि बाभळीची एक मोगरी ओळीने मांडलेली असे. भिंतीतील कड्यांना पूर्वी म्हशी बांधत. आता त्या कड्यांतून विजेची तार गेली होती.

ज्यांनी असे मशीन पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली टेबल असते, वर हेड असते. टेबलावर लोखंडाचा तुकडा घट्ट बांधतात. हेडात उभा कटर फिरतो आणि तो लोखंड छिलतो. कटर टेबलाशी बरोबर काटकोनात उभा असेल तर कामाची कड सरळ येते. हेड केसभर कलले तर कडही केसभर कलते, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रींचे सगळे आयुष्य या न दिसणाऱ्या गोष्टीवर उभे होते.

रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, ते हेड तपासत. आदल्या दिवशी मशीन चालले नसेल तरी तपासत. प्रथम टेबल उघड्या तळहाताने पुसत. बोळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. चिंध्यांच्या बोळ्याला बारीक कण कळत नाही, असे ते म्हणत. मग स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, आडवी दांडी आणि दांडीला बारीक फरक सुईने दाखवणारी डायल लावत. डायलची टोचणी टेबलाला टेकवून दांडी हाताने सावकाश फिरवत. टेबल आणि हेड काटकोनात असतील तर पुऱ्या फेऱ्यात सुई हलत नाही. टेबलाच्या चार बाजूंना त्यांनी नावे दिली होती: दार, भिंत, नदी आणि स्टेशन. पवना डाव्या अंगाला होती आणि रेल्वे स्टेशन उजव्या.

"किती?" मावशी चुलीपाशी बसल्या बसल्या विचारीत.

"नदीकडं अर्धा थाऊ."

"मग चहा टाकू का नको?"

"थांब की. आवळू दे."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या कंपनीत मिलिमीटर येऊन बराच काळ झाला होता. मिस्त्री थाऊवरच राहिले. अर्धा थाऊ काढण्यासाठी त्यांना कधी दहा मिनिटे लागत, कधी एक तास. चहा तोवर चुलीच्या बाजूला थांबलेला असे.

खरी अडचण सरळ करण्यात नव्हती, आवळण्यात होती. हेड शून्यावर आणून बोल्ट आवळले की आवळण्यानेच ते सरकते. पुन्हा सैल करायचे, पुन्हा मोगरीने ठोकायचे, पुन्हा आवळायचे. मिस्त्रींनी त्या हेडाचा स्वभाव ओळखला होता. ते स्टेशनकडे सरकते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते हेड जाणूनबुजून नदीकडे अर्धा थाऊ कलते ठेवत आणि चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे आवळत. शेवटच्या पिळाला सुई शून्यावर येई. हे चालू असताना गोठ्यात कुणी पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता. स्वयंपाकघरात चटणी कुटायची नाही. मशीनला टेकून उभे राहायचे नाही, हा नियम चोवीस तास होता. एकदा वीज मंडळाचा माणूस मीटर पाहताना टेबलावर कोपर ठेवून उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला जाऊ दिले. तो गेल्यावर त्यांनी डायल लावली.

खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होई. हळदकुंकू मशीनच्या पायथ्याला लावत. हार हेडाला घालायला त्यांची मनाई होती.

"आहो, फुलांचं कसलं वजन?" मावशी म्हणत.

"पायाशी ठिव. देव खाली बगंल."

माणसांनाही ते हेच माप लावत. गावातील एका पुढाऱ्याविषयी म्हणत, "त्यो स्टेशनकडं लई झुकलाय." त्या काळात स्टेशनकडे म्हणजे कारखान्यांकडे आणि जमिनी घेणाऱ्यांकडे. माझ्याविषयी मी त्यांना एकदा शेजाऱ्याजवळ बोलताना ऐकले: "पाव्हणं भिंतीकडं हायेत." भिंतीकडे म्हणजे मागे. ते चूक नव्हते.

पूर्वी ते एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. तेथून का बाहेर पडले ते त्यांनी मला सांगितले नाही, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका फिटरने सांगितले. मिस्त्री तेथेही रोज सकाळी अर्धा तास हेड तपासत. फोरमन म्हणाला, "मिस्त्री, शिफ्ट सुरू झाली की लोखंडाची चिप पडली पाहिजे. हेडाचं सर्व्हिसवाले बघतील."

"सर्व्हिसवालं सहा महिन्यानं येत्यात. हेड रोज हलतंय."

"हलू द्या. ड्रॉइंगमध्ये थोड्या फरकाची सूट दिलेली आहे ना?"

"सूट ड्रॉइंगला हाय. मला न्हाई."

त्या महिन्यातच त्यांनी नोकरी सोडली. हे शहाणपणाचे होते असे मी म्हणणार नाही.

नंतर त्यांना काम मिळे ते आमच्या कंपनीचे. मी तेथे तपासणी विभागात होतो. कंपनीची मान्य पुरवठादारांची एक यादी होती आणि तिच्यात मिस्त्रींचे नाव होते. ते माझ्यामुळे नव्हते, मी खोली घेण्याआधीपासून होते. छिद्रे पाडण्याच्या साच्यांना लागणाऱ्या पोलादी प्लेटा ते करून देत. ते काम होते म्हणून मशीन होते. मावशींना गोठा पाडून तेथे दोन खोल्या काढायच्या होत्या. कारखान्यांतील माणसे खोल्यांसाठी दारोदार फिरत होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. नवराबायकोत एवढेच ठरले होते की यादीत नाव आहे तोवर मशीनला हात लावायचा नाही.

घरमालकाचा माल भाडेकरूने तपासू नये, असे मी आमच्या विभागाच्या साहेबांना पहिल्याच वर्षी सांगितले होते. साहेबांनी विचारले, "प्लेट सरळ आहे म्हणून तुमचं भाडं कमी होतं का?" मी नाही म्हणालो. "मग तपासा," ते म्हणाले. मी तपासत राहिलो. पाच वर्षांत मिस्त्रींची एकही प्लेट परत गेली नाही.

सहाव्या वर्षी बारा प्लेटा आल्या. नेहमीप्रमाणे जुन्या धोतरात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून ते स्वतः घेऊन आले होते. मी पहिली प्लेट तपासणीच्या फरशीवर ठेवली आणि तिच्या कडेला स्क्वेअर लावला. स्क्वेअर म्हणजे पोलादी काटकोन. सुतार त्याला गुण्या म्हणतात आणि मिस्त्री सुताराच्या घरचे असल्याने तेही गुण्याच म्हणत. कड आणि स्क्वेअर यांच्यामधून वरच्या टोकाला उजेड दिसला. फट मोजली, दोन थाऊ होती. दुसऱ्या प्लेटेलाही तेवढीच. बाराही प्लेटांच्या चारही कडांना तेवढीच. मी चिठ्ठी लिहिली आणि फाटकापाशी जाऊन त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "बारा?"

"बारा."

"चारी अंगं?"

"चारी."

"फट सारखीच?"

"सारखीच."

"प्लेट उलटी ठिवून बघितली का?"

"खूण केलेली बाजू खाली ठेवायची, असं ड्रॉइंगमध्ये आहे."

"व्हय," ते म्हणाले. "ड्रॉइंगात हाय." आणि प्लेटा पुन्हा सायकलला बांधू लागले.

पुढचे तीन दिवस त्यांनी हेड सगळे उतरवले, धुतले, पुन्हा बसवले. डायल लावली, काढली, पुन्हा लावली. दोष सापडेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी माझ्या दारात आल्या.

"भाऊ, काय लिवून दिलंत तुमी? माणूस जेवंना. हात पुढं धरून बघत बसलाय, म्हनं हात कलला का काय."

"दिसलं ते लिहिलं."

"तेच त्येबी म्हनत्यात. पाव्हण्याला दिसलं आसंल म्हनं."

चौथ्या दिवशी गोठ्यातून मशीनचा आवाज आला. आठवड्याने बारा नव्या प्लेटा कंपनीत आल्या. मी स्क्वेअर लावला. केसाएवढाही उजेड नव्हता. बाराही पास केल्या.

त्या संध्याकाळी मिस्त्री माझ्या खोलीत आले. यापूर्वी ते कधी उंबरा ओलांडून आत आले नव्हते. हातात दोन प्लेटा होत्या. त्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या नाहीत. टेबल डुगडुगते, हे त्यांनी दारातूनच पाहिले होते. त्यांनी त्या जमिनीवर ठेवल्या.

"पास झाल्या?"

"झाल्या. चांगल्या आहेत."

"वाकड्या हायेत."

मी खाली वाकून प्लेटा पाहिल्या.

"तुमच्या चिठ्ठीत दोन थाऊ लिवलं व्हतं. तेवढंच हेड कलवलं आन् कापल्या. मुद्दाम. मशीन खोटं का तुमचा गुण्या खोटा, त्ये बघायचं व्हतं. सरळ काम नापास आन् वाकडं काम पास. आता तुमीच काय ते समजा." त्यांनी प्लेटांकडे बोट दाखवले. "ही पयल्या खेपंची. ही दुसऱ्या खेपंची, तेरावी. दोन्ही उलट्यासुलट्या ठिवून बघा. आन् त्या बारा मला परत आणून द्या, पाव्हणं. माझ्या हातचं वाकडं काम कुठं बसाय नको."

मला तपासण्याची गरज नव्हती. दीड महिन्यापूर्वी तो स्क्वेअर माझ्या हातून पायाखालच्या लाकडी जाळीवर पडला होता. फार उंचावरून नव्हे. मी तो पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पेटीत परत ठेवला. नियमाप्रमाणे तो प्रमाण-कक्षात पाठवायला हवा होता. त्यासाठी फॉर्म भरावा लागतो आणि फॉर्मवर पाडणाऱ्याचे नाव लिहावे लागते. मी फॉर्म भरला नाही. एवढीच माझी चूक आणि ती लहान नव्हती.

तरीही दुसऱ्या दिवशी मी तोच स्क्वेअर लावून तपासले. पहिल्या खेपेची प्लेट सुलटी ठेवली तरी दोन थाऊ फट, उलटी ठेवली तरी दोन थाऊ. प्लेट वाकडी असती तर उलटल्यावर फट बदलली असती; म्हणजे प्लेट सरळ आणि स्क्वेअर वाकडा. दुसऱ्या खेपेची सुलटी ठेवली तर फट नाही, उलटी ठेवली तर चार. जे मिस्त्रींनी फाटकापाशी उभे राहून विचारले होते ते मी तेव्हाच केले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

मी साहेबांना सगळे लिहून दिले, स्क्वेअर पडल्यासकट. साहेब शांत माणूस होते. दीड महिन्यात त्या स्क्वेअरने तपासलेला सगळा माल पुन्हा बाहेर काढावा लागला. माझी बदली स्टोअरमध्ये झाली. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. अडचण मिस्त्रींची झाली. दोष ठाऊक असताना माल देणाऱ्याचे नाव यादीतून काढावे, असा कंपनीचा स्पष्ट नियम होता. त्यात कारणाला जागा नव्हती.

साहेबांना माणूस घालवायचा नव्हता. त्यांनी स्वतः एका पत्राचा मसुदा केला. 'आमच्या मशीनचे हेड चुकून कलल्यामुळे दुसऱ्या खेपेच्या प्लेटा सदोष आल्या. क्षमस्व.' खाली सहीला जागा सोडली. मला म्हणाले, "तुमच्या अहवालात त्यांनी मुद्दाम केलं असं आहे. ते तुमच्या ऐकण्यातली चूक म्हणू. एवढी सही आणा. विषय संपला."

मी पत्र घेऊन गोठ्यात गेलो. मिस्त्री कटरला धार लावत होते. काम थांबवून त्यांनी हात पुसले आणि पत्र उजेडाकडे धरून वाचले.

"चुकून?"

"साहेबांनी लिहिलं आहे. तुमच्या भल्याचं आहे."

"माझं हेड चुकून कलत न्हाई."

"मिस्त्री, एक शब्द आहे."

"एकच हाय म्हनून तर."

मावशी मागच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "करा की सही. त्यो कागद कोण वाचतंय? फायलीत जाईल."

मिस्त्री त्यांच्याकडे न पाहता बोलले. ते एवढे बोललेले मी तोवर ऐकले नव्हते. "यादीत नाव कशापायी हाय? ह्येचं हेड हलत न्हाई म्हनून हाय. आन् ते नाव राहावं म्हनून मी लिवून द्यायचं, का माझं हेड हललं. मग त्ये नाव कुणाचं ऱ्हायलं?"

गव्हाणीतून त्यांनी आखणीची पेन्सिल घेतली. 'चुकून कलल्यामुळे' यावर एक रेघ मारली आणि वर लिहिले, 'मुद्दाम कलवल्यामुळे'. पेन्सिल पुढे सरकली आणि थांबली.

"क्षमस्व ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्ये खरं हाय." आणि सही केली.

मी बाहेर पडलो तेव्हा मावशी माझ्या मागोमाग अंगणापर्यंत आल्या. त्यांनी आवाज खाली आणला होता. "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. दुसऱ्या कागदावं जसंच्या तसं लिवा, साहेबानं लिवलंय तसं. त्यांची सही मला येती. पोरगं शाळंत व्हतं तवा मीच करत हुते."

"खोल्या काढायच्या होत्या ना तुम्हाला?" मी विचारले.

"खोल्यांचं बघू हो. त्ये मशीन गेलं तर ह्या माणसानं सकाळी उठून करायचं काय?"

मी नाही म्हणालो. कारण सांगितले नाही. एकदा न भरलेल्या फॉर्मनंतर मला दुसरा खोटा कागद नको होता, हे खरे कारण. पण त्यात मिस्त्रींचा विचार किती आणि माझा किती, हे मी आजही नेमके सांगू शकणार नाही. पत्र आहे तसे साहेबांना दिले. त्यांनी ते वाचून चष्मा काढला आणि काही वेळाने यादी मागवली.

त्या बारा प्लेटा मात्र मी परत आणून दिल्या. मिस्त्रींनी मोजून घेतल्या.

पुढे दीड वर्ष मशीन गोठ्यातच राहिले. पिठाच्या गिरणीचे, उसाच्या चरकाचे बारीकसारीक काम येई. त्या कामाला अर्ध्या थाऊची गरज नव्हती. हेड रोज तपासले जाई. मावशी माझ्याशी बोलत, चटणी-भाकरी पाठवत, पण भाऊ म्हणणे त्यांनी सोडले होते. मग एक पूर्ण पावसाळा कोणतेच काम आले नाही आणि मिस्त्रींनी स्वतःहून मशीन विकायला काढले.

चऱ्होलीला शेड टाकणाऱ्या एका तरुण माणसाने ते घेतले. ठरल्या दिवशी तो सकाळीच ट्रक आणि सहा हमाल घेऊन आला. गोठ्याची एक भिंत आधीच पाडून ठेवली होती. तो आला तेव्हा मिस्त्री डायल लावून बसले होते. मोटारीची तार काढलेली होती आणि ते दांडी हाताने फिरवत होते.

"मिस्त्री, कशाला तसदी घेता?" तो म्हणाला. "चऱ्होलीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. पोचेपर्यंत सगळं हलणार आहे."

"रस्त्यात हललं तर त्ये रस्त्याचं. हितनं सरळ गेलं पायजे."

"अहो, ट्रक थांबलाय."

"थांबू दे. त्याला काय डायल लावायचीय?"

हमाल हसले आणि पाडलेल्या भिंतीच्या दगडांवर बसून त्यांनी बिड्या पेटवल्या. एक जण म्हणाला, "मालक, पोरगी सासरी धाडताय का मशीन?" मिस्त्रींनी पाना बोल्टला लावला. बोल्ट आवळायला त्यांना तासभर लागला. शेवटचा पीळ दिल्यावर त्यांनी मला हात केला.

"पाव्हणं, बघा."

मी स्टोअरचा माणूस होतो. माझ्या वाचण्याला आता कुठे किंमत नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. मी वाकलो आणि त्यांनी दांडीचा पुरा फेरा फिरवला. चारही जागी सुई शून्यावर होती. मी तसे सांगितले. त्यांनी डायल काढली, फडक्यात गुंडाळली आणि त्या तरुण माणसाच्या हातात दिली. तो ती खिशात टाकू लागला तेव्हा म्हणाले, "खिशात न्हाई. हातात धरून न्या."

मग ते बाजूला झाले आणि हमालांना म्हणाले, "उचला."